सिंगापूरला निघण्यापूर्वी



आमची मुलगी सिंगापूरला असते. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी आम्ही उभयतांनी तिकडे जायचे ठरवले, तेव्हा घरात पहिला विषय निघाला तो डिंकाच्या लाडवांचा. खारीक, खोबरे, डिंक, खसखस अशी जमवाजमव झाली. लाडू वळून झाले, डबा भरला, आणि रात्री मुलीचा फोन आला.

"आई, लाडवात खसखस घातलीस का गं?"

"घातली की! खसखशीवाचून डिंकाचा लाडू होतो होय?"

"मग तो डबा तिथंच राहू दे. इथं परवानगीशिवाय खसखस आणता येत नाही."

आमच्या मंडळींना राग आला. खसखस म्हणजे काय अफू आहे का, असे त्या म्हणाल्या. आता खसखस हे अफूच्याच बोंडातले बी, हे खरे. तिकडचे अंमली पदार्थविरोधी खाते त्या बियांवरही नजर ठेवून असते. शेवटी दुसऱ्या दिवशी बिनखसखशीचे लाडू पुन्हा वळावे लागले. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस, पण आपण तिकीट काढले आणि गावाची ओळख काही करून घेतली नाही, हे मला त्या दिवशी उमगले. मग निघेपर्यंतचे दिवस मी त्या ओळखीत घालवले. तीच आज तुम्हांस करून देणार आहे. हल्ली खेडोपाडीची मुलेमुली तिकडे नोकरीस आहेत, आणि त्यांचे आईवडील भेटीस निघतात. त्यांच्या उपयोगी पडेल.

प्रथम नकाशा पाहू. मलाया द्वीपकल्पाच्या अगदी खालच्या टोकाशी, विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १३७ किलोमीटरवर हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षा थोडे मोठे. वस्ती साठ लाखांच्या आसपास. एवढ्यातच शहर, जिल्हा, राज्य आणि देश, सारे आले. मुंबईप्रमाणेच तेथेही समुद्र हटवून जमीन केली आहे. १९६० च्या सुमारास हा देश ५८० चौरस किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे तेव्हापासून तो सुमारे चौथाईने वाढला.

तेथे आपल्यासारखा उन्हाळा नाही आणि हिवाळाही नाही. बारा महिने उकाडा आणि बारा महिने पाऊस, त्यातल्या त्यात नोव्हेंबर ते जानेवारी जोर अधिक. सूर्य वर्षभर सातच्या सुमारास उगवतो नि सातच्याच सुमारास मावळतो. घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. तेव्हा स्वेटरचे ओझे नेऊ नये. सुती कपडे आणि छत्री पुरे.

आता मुख्य गोष्ट. पाऊस भरपूर, पण साठवायला जागा नाही, अशी या बेटाची अडचण आहे. १९४२ च्या फेब्रुवारीत जपानी फौजा आल्या, तेव्हा मलायातून येणारे पाणी तुटले आणि बेटावरचे जलाशयही शत्रूच्या हाती गेले. पंधरा फेब्रुवारीला इंग्रज सेनापतीने शरणागती पत्करली, तिच्या कारणांत पाणी हे एक मोठे कारण होते. पुढे १९६३-६४ साली पाण्याचे रेशनिंग करावे लागले. १९६५ च्या ९ ऑगस्टला सिंगापूर मलेशियातून वेगळे होऊन स्वतंत्र झाले, आणि पिण्याचे पाणी शेजारच्या देशातून यायचे, अशी स्थिती राहिली. १९६२ चा तो पाणीकरार २०६१ पर्यंत चालायचा आहे.

पण करारावर विसंबून ते स्वस्थ बसले नाहीत. बेटाची दोनतृतीयांश जमीन आज पाणलोट म्हणून वापरात आहे. रस्त्यावर, गच्चीवर पडलेला पाऊस गटारांवाटे सतरा जलाशयांत जातो. २००३ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणले जाते आणि २००५ पासून समुद्राचे पाणी गोडे करतात. नळाचे पाणी न उकळता पिता येते. आता सांगा, ज्या रस्त्याचे पाणी पुढे हंड्यात यायचे, त्या रस्त्यावर कोणी पिंक टाकली तर दंड नको का? रस्त्यावर थुंकण्याला आणि कचरा टाकण्याला तेथे जबर दंड आहे. लोक म्हणतात, फार कडक देश. कडक आहे खरा. पण रस्त्यावरचे पाणी पुढे हंड्यात येते, हे मुलांना सांगितले म्हणजे त्यांना हा नियम पटतो.

पाण्याची गत तीच अन्नाची. शेतीस जमीन शेकडा एकही नाही, म्हणून खाण्याच्या शंभर जिनसांतील नव्वदांहून अधिक बाहेरून येतात. स्वयंपाक मात्र त्यांनी सार्वजनिक केला आहे. रस्त्यावरचे फेरीवाले उठवून त्यांना छपराखाली, नळ-मोरीसह गाळे दिले. अशा ठिकाणी चिनी, मलायी, तमिळ अन्न शेजारी-शेजारी मिळते. या संस्कृतीला २०२० साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. टेबलावर कागदी रुमालाचे पुडके दिसले तर तेथे बसू नये, ती जागा कोणीतरी धरलेली असते. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तसेच हे. आणि जेवण झाल्यावर आपले ताट आपण उचलून ठेवावयाचे. २०२१ पासून तसा नियमच आहे.

राहण्याची सोयही ध्यानात घेण्याजोगी आहे. १९६० साली सरकारने गृहनिर्माण मंडळ काढले. आज दर दहा रहिवाशांपैकी जवळजवळ आठ जण या मंडळाच्या इमारतींत राहतात. तळमजला बहुधा मोकळा सोडलेला असतो. तेथे एके दिवशी मलायी लग्नाचा मांडव पडतो, तर दुसऱ्या दिवशी चिनी कुटुंबाची मयत असते. १९६४ साली या शहरात चिनी व मलायी लोकांत दंगली होऊन माणसे मेली होती. ते विसरू नये म्हणून १९८९ पासून प्रत्येक इमारतीत कोणत्या समाजाची किती घरे असावीत याचे प्रमाण ठरवून दिले आहे. शंभरांत सुमारे पंचाहत्तर चिनी, तेरा-चौदा मलायी आणि नऊ भारतीय अशी वस्ती. राष्ट्रगीत मलायी भाषेत. राज्यभाषा चार: मलायी, चिनी, तमिळ आणि इंग्रजी. आपली मराठी मुले शाळेत बहुधा हिंदी घेतात. मराठी शिकवायची ती घरात. म्हणून आजीने गोष्टींची पुस्तके अवश्य न्यावीत, त्यांना अडवणूक नाही.

आपले आणि या बेटाचे नाते जुने आहे. 'सिंहपूर' हे त्याच्या नावाचे मूळ. १८१९ साली रॅफल्सने तेथे इंग्रजांची वखार घातली आणि १८६७ पर्यंत बेटाचा कारभार हिंदुस्थानातून चाले. बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतून जन्मठेपेचे कैदी तिकडे धाडले जात. त्यांच्या हातांनी रस्ते झाले आणि सेंट अँड्र्यूज हे मोठे चर्चही उभे राहिले. पडांग नावाचे मैदान आहे, तेथे ५ जुलै १९४३ रोजी नेताजी सुभाषबाबूंनी आझाद हिंद सेनेची सलामी घेतली. जवळच एक खुणेचा दगड आहे. तेथे दोन मिनिटे उभे राहून यावे.

आमच्या नातीचा जन्म ज्या रुग्णालयात झाला, त्याच्या नावातली 'के.के.' ही अक्षरे 'कांदांग करबाऊ' या मलायी शब्दांची. अर्थ विचारला तर म्हशींचा गोठा! एके काळी त्या भागात आपल्या देशातून गेलेले गवळी गुरे बाळगीत. १९६६ साली या प्रसूतिगृहात एका वर्षात जवळजवळ चाळीस हजार बाळे जन्मली. हे ऐकून आमच्या मंडळींचा खसखशीचा राग तेवढा उतरला.

आता काही सावधगिरीच्या गोष्टी. पारपत्राची मुदत निदान सहा महिने शिल्लक असावी. प्रवेशपत्र, म्हणजे व्हिसा, आधी काढावा लागतो. पोहोचण्याच्या तीन दिवसांच्या आत आगमनाची माहिती संगणकावरून भरावी. तिला पैसे पडत नाहीत, कोणी मागितले तर देऊ नयेत. तंबाखूची चंची, मशेरी, गुटखा घरीच ठेवावा. चघळायच्या तंबाखूला तेथे बंदी आहे. च्युइंग गम १९९२ पासून बंद. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेले औषध चालू असेल तर आधी परवानगी लागते. आणि दुसऱ्याचे पुडके, मग तो कितीही ओळखीचा असो, आपल्या पिशवीत घेऊ नये. पंधरा ग्रॅमहून अधिक हेरॉइनच्या व्यापाराला तेथे फाशी आहे.

तरुणांना एक वेगळे सांगतो. "पर्यटक म्हणून चला, तिकडे काम लावून देतो," असे सांगणारा दलाल भेटला तर त्याला पैसा देऊ नका. भेटीच्या परवान्यावर काम करणे हा गुन्हा आहे. कामाचा परवाना मालकाने तेथील मनुष्यबळ खात्याकडून काढावयाचा असतो, आणि तो खरा की खोटा हे निघण्यापूर्वी तपासता येते. मुदत संपून नव्वद दिवसांवर राहिलेल्यास तुरुंग आणि वेताचे फटके अशी शिक्षा आहे. शेत गहाण टाकून गेलेल्या पोराच्या पाठीवर ते फटके बसू नयेत, एवढ्यासाठी हे बोलतो. ज्या इमारती पाहून आपण थक्क होतो, त्या बांधणारे मजूर एकेका खोलीत दाटीने राहतात. २०२० च्या साथीत सर्वांत जास्त रोगी त्यांच्याच वसतिगृहांत निघाले. तेही त्या शहराचेच एक अंग आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. वर्गात मुलांना विचारा: आपल्या गावात बाहेरून काहीच आले नाही, तर किती दिवस निभेल? पाणी किती, धान्य किती, हे त्यांनीच मोजावे. मग सिंगापूर नकाशावर दाखवा. एवढासा ठिपका मुलांच्या लक्षात राहील, आणि आपल्या गावची विहीरही.

आमच्या नातीला आता बोलता येते. गेल्या खेपेस तिने आजीला फोनवर बजावले, "लाडू आण, पण खसखस नको." तिला त्या गावाची ओळख पुरती झाली आहे. आपणही निघण्यापूर्वी ती करून घ्यावी, एवढीच विनंती.