स्वादुपिंडाची सूज आणि स्कॅनची घाई



बेंबीच्या वर अचानक असह्य कळ येते, ती आरपार पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. रक्त तपासून डॉक्टर सांगतात, स्वादुपिंडाला सूज आली आहे. मग नातेवाईक म्हणतात, "खर्चाचं आम्ही बघतो, पण सीटी स्कॅन आत्ताच्या आत्ता करा." त्यांची तळमळ मला कळते. तरीही बऱ्याचदा त्यांना थांबा म्हणावं लागतं.

या आजाराच्या तीन खुणा आहेत: ही विशिष्ट कळ, रक्तातलं लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडाची पाचक विकरं) सामान्य कमाल मर्यादेच्या किमान तिप्पट असणं आणि स्कॅनमध्ये दिसणारी सूज. 2012 साली सुधारलेल्या अटलांटा वर्गीकरणाप्रमाणे तीनपैकी दोन जुळल्या की निदान पक्कं. पहिल्या दोन जुळल्या असतील, तर निदानासाठी स्कॅन लागतच नाही.

खरी भीती असते ती स्वादुपिंडाचा काही भाग मृत होण्याची. शिरेतून डाय देऊन स्कॅन केला की जिवंत भाग उजळतो, मृत भाग काळपट राहतो. पण हा फरक नीट उमटायला तीन-चार दिवस जातात. पहिल्याच दिवशी काढलेला स्कॅन चांगला दिसतो, घरचे निर्धास्त होतात, आणि आजार आत वाढत असतो. म्हणून प्रकृती सुधारत नसेल, तर तीन-चार दिवसांनी केलेला स्कॅन जास्त खरं सांगतो. मात्र निदानच अनिश्चित असेल, जठराला किंवा आतड्याला छिद्र पडल्याची शंका असेल, तर एक तासही दवडू नये.

सोनोग्राफी मात्र पहिल्याच दिवशी हवी, प्रत्येकाची. "त्यात स्वादुपिंड दिसलंच नाही," अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. आतड्यातल्या वायूमुळे ते अनेकदा झाकलं जातं, हे खरं. पण आम्ही तिथे मुख्यतः पित्ताशयातले खडे शोधत असतो. एखादा बारीक खडा घरंगळत पित्तनलिकेच्या तोंडाशी अडकतो आणि स्वादुपिंडाच्या रसाची वाट अडते. दारूइतकंच, किंबहुना अनेक ठिकाणी त्याहून मोठं असं हे कारण आहे. खडा नलिकेत अडकून राहिल्याची शंका असेल, तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करतात. त्यात क्ष-किरण नसतात आणि डायही सहसा लागत नाही.

सूज सौम्य असेल आणि रिपोर्टमध्ये पित्तखडे लिहिले असतील, तर त्याच मुक्कामात पित्ताशय काढता येईल का, हे घरी जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. ते तसंच राहिलं, तर हीच कळ पुन्हा उठू शकते.