पर्यायी वाट : कागदावरची आणि कामाची



पुलावरून पाणी गेले की गावकरी वरच्या अंगाच्या वाटेने जातात. मात्र ती वाट आधी ठाऊक असावी लागते आणि पूल बुडाल्याची वर्दीही वेळेवर मिळावी लागते. कार्यालयातील संगणकांच्या जोडणीलाही हाच न्याय लागू पडतो.

केंद्र शासनाने २०११ साली मंजूर केलेल्या व पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे काम हाती घेण्यात आले. खोदकामात हे फायबर तुटले की दाखल्यासाठी आलेला शेतकरी रिकाम्या हाताने परततो. म्हणून मोबाईल सेवेची दुसरी जोडणी घेणे इष्ट ठरते. परंतु जोडणी घेणे वेगळे आणि अडचणीच्या वेळी ती आपोआप उपयोगी पडणे वेगळे.

राऊटर हे यंत्र टपाल कचेरीत पत्रे लावणाऱ्या कर्मचाऱ्यासारखे असते. प्रत्येक संदेशाचा पत्ता पाहून ते आपल्या तक्त्यातील वाट निवडते. विशिष्ट वाट न सापडल्यास ०.०.०.०/० अशी नोंद असलेली सर्वसाधारण वाट, म्हणजे ‘डिफॉल्ट राऊट’, वापरली जाते. अशा दोन वाटा असतील तर ‘प्रशासकीय अंतर’ हा ० ते २५५ पर्यंतचा अंक निर्णय करतो. अंक जितका लहान, तितका विश्वास अधिक. सिस्को कंपनीच्या राऊटरमध्ये हाताने लिहिलेल्या वाटेचा अंक मुळात १ असतो. फायबरची वाट १ वर ठेवून मोबाईलच्या वाटेला २०० अंक दिल्यास ती तक्त्याबाहेर थांबते व पहिली वाट निघून गेली की पुढे येते. दोहोंना १ हाच अंक राहिला तर दोन्ही वाटा नित्य वापरल्या जातात आणि राखीव असे काहीच उरत नाही.

खरी मेख पुढेच आहे. पहिली वाट तक्त्यातून निघते ती राऊटरचे त्या बाजूचे तोंड बंद पडल्यावर. फायबर दोन किलोमीटरवर तुटले, तरी राऊटर आणि त्याच खोलीतील फायबरची पेटी यांमधील तार जिवंतच असते. राऊटरला सारे क्षेमकुशल दिसते व संदेश तुटलेल्या वाटेवरच जात राहतात. दुसरी वाट तयार असूनही तिला पाचारण होत नाही.

यावर उपाय आहे. ठराविक सेकंदांनी दूरच्या एखाद्या पत्त्याला हाक द्यावी आणि लागोपाठ काही हाकांना उत्तर न आल्यास पहिली वाट काढून घ्यावी, अशी आज्ञा राऊटरला देता येते. मात्र ही हाक फायबरनेच जाईल अशी स्वतंत्र नोंद आवश्यक आहे. अन्यथा वाट बदलताच तीच हाक मोबाईलवरून जाऊन उत्तर आणील. राऊटर फायबर दुरुस्त झाल्याचे समजेल आणि वाटा सतत उलटसुलट होत राहतील.

मोबाईलचा मनोरा त्याच चरातील फायबरवर अवलंबून नाही ना, याचीही चौकशी करावी. तसेच दरमहा एका ठरलेल्या वेळी पेटीपलीकडील फायबर काढून किती वेळात काम पूर्ववत होते ते नोंदवहीत लिहावे. पेटी आणि राऊटर यांमधील तार काढून घेतलेली परीक्षा फसवी असते, कारण ती तार निघाल्याचे राऊटरला लगेच कळते. पर्यायी वाटेचा भरवसा अशा परीक्षेनेच सिद्ध होतो आणि दाखल्यासाठी आलेल्या माणसाची खेप वाचते.