पहिल्यांना दार कोणी उघडलं?



इस्लामचे पहिले मुअज्जिन, म्हणजे नमाजासाठी अजान देणारे, हजरत बिलाल. त्यांची आई हबशी होती. मक्केत उमय्या इब्न खलफ या धनिकाचे ते गुलाम. नवा धर्म स्वीकारला म्हणून त्यांना तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर मोठा दगड ठेवत, आणि ते 'अहद, अहद', ईश्वर एकच, एवढंच म्हणत राहत, असं परंपरा सांगते. पैगंबरांचे सहकारी हजरत अबू बक्र यांनी त्यांना सोडवलं. पुढे मदिनेत अजान सुरू करायचं ठरलं, तेव्हा पैगंबरांनी ते काम बिलालना दिलं. इ.स. 630 मध्ये मक्का हाती आली, त्या वेळी काबाच्या छतावर चढून अजान दिली तीही बिलालनीच. काही सरदारांना हे रुचलं नाही, पण त्यांचं कोणी ऐकलं नाही.

मला या हकिकतीत मोठी वाटते ती निवड करणाऱ्याची दृष्टी. कालच्या गुलामाला सर्वांत उंच जागी उभं करायला तिथे वेळ लागला नाही.

दार बंद ठेवणारे कसे असतात, ते पाहायला आता तेरा शतकं ओलांडून गोल्फच्या मैदानावर येऊ. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला पापवा सेवगुलम नावाचे भारतीय वंशाचे खेळाडू होते. शाळेचं शिक्षण नाही. कॅडी म्हणून दुसऱ्यांच्या पिशव्या वाहता वाहता खेळ शिकले. काठी धरायची त्यांची तऱ्हाही सगळ्यांच्या उलट, डावा हात उजव्याच्या खाली. त्याच पकडीनं त्यांनी 1959, 1960 आणि 1964 अशी तीनदा डच ओपन जिंकली. 1963 मध्ये घरच्या मैदानावर, डर्बन कंट्री क्लबवर, गोऱ्या खेळाडूंना हरवून नाताळ ओपन जिंकली. बाहेर पाऊस पडत होता. क्लबहाऊसमध्ये भारतीयांना मज्जाव, म्हणून विजेत्याला करंडक दिला तो बाहेर, पावसात. त्याचं छायाचित्र जगभर गेलं. 1965 मध्ये त्यांनी हीच स्पर्धा पुन्हा जिंकली, तीही गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्याला मागे टाकून. मग तिथल्या वर्णभेदी सरकारनं त्यांना मोठ्या स्पर्धांतूनच बाहेर काढलं. ऐन उमेदीची वर्षं गेली. 1978 मध्ये ते वारले. एवढ्या गुणी माणसाचं नाव भारतातही फारसं कोणाला ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अमेरिकेत तर व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेतच सभासद गोरा असावा, असं कलम होतं. ते 1961 मध्ये निघालं. ते हटावं म्हणून झगडलेले कृष्णवर्णीय गोल्फपटू चार्ली सिफर्ड तोवर चाळिशीकडे झुकले होते. पुढे त्यांनी 1967 आणि 1969 मध्ये दोन मोठ्या स्पर्धा जिंकल्या, पण ऑगस्टा इथल्या मास्टर्स या मानाच्या स्पर्धेचं निमंत्रण त्यांना कधीच आलं नाही.

ते दार उघडलं ली एल्डर यांच्यासाठी. फ्लोरिडातल्या पेन्सकोला इथल्या क्लबनं 1968 मध्ये त्यांना क्लबहाऊसमध्ये घेतलं नव्हतं. कपडे गाड्या उभ्या करायच्या जागेत बदलावे लागले. 1974 मध्ये त्याच मैदानावर ते जिंकले आणि मास्टर्सला पात्र ठरले. जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या, म्हणून स्पर्धेच्या आठवड्यात त्यांनी ऑगस्टात दोन घरं भाड्यानं घेतली, कुठल्या घरात झोपतात ते कळू नये म्हणून. 1975 च्या एप्रिलमध्ये ते तिथे पहिला फटका मारायला उभे राहिले. दोन दिवसांत बाद झाले, हे खरं; पण दार उघडलं होतं. त्या वेळी तिथले कॅडी सगळे कृष्णवर्णीय होते. सभासद एकही नव्हता. पहिला कृष्णवर्णीय सभासद घ्यायला ऑगस्टाच्या क्लबनं 1990 साल उजाडू दिलं.

1997 मध्ये एकवीस वर्षांच्या टायगर वुड्सनं तीच मास्टर्स बारा फटक्यांच्या फरकानं जिंकली. मास्टर्स जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आणि तोवरचा सर्वांत तरुण विजेता. सिफर्ड आणि एल्डर यांचे त्यानं नाव घेऊन आभार मानले. तो विजय डोळ्यांनी बघायचाच म्हणून एल्डर त्या रविवारी अटलांटाहून मोटारीनं निघाले होते. गाडी इतकी भरधाव हाकली, की वाटेत पोलिसांनी अडवून दंड केला. तरी ते वेळेत पोचले.