हुंडणावळीचा दर कोण ठरवतो?

(वाराणसी येथील ब्रह्मा घाट वस्तीत मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ब्रह्मा घाटावरील मराठी वस्ती पेशवाईपासूनची आहे. त्या काळी पुण्याहून काशीला पैसा येई तो हुंडीने. बनारसच्या टांकसाळीचा रुपया वेगळा, दक्षिणेतले रुपये वेगळे. अदलाबदलीत सावकार बट्टा कापून घेत. ‘हुंडणावळ’ हा आपला शब्द याच व्यवहारातला. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया चालू केला. देशातला बट्टा हळूहळू संपला. परंतु रुपया आणि पौंड यांच्यातला बट्टा उरला, आणि तो ठरविण्याची सत्ता लंडनच्या हाती राहिली.

विनिमय दर हा तज्ज्ञांचा विषय आहे, कष्टकऱ्यांनी त्यात पडू नये, असे आपल्याला सांगण्यात येते. इतिहासाची साक्ष निराळी आहे.

रुपया चांदीचा होता. १८७० नंतर चांदीचे भाव कोसळले आणि रुपयाही घसरला. हिंदुस्थान सरकारला मात्र ‘होम चार्जेस’ची खंडणी पौंडांत भरावयाची होती. म्हणून १८९३ साली टांकसाळी खाजगी चांदीला बंद करण्यात आल्या आणि पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सांवर नेऊन बसविण्यात आला. १९२७ च्या कायद्याने तो १ शिलिंग ६ पेन्सांवर चढविला. मायदेशी पैसे पाठविणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि आयात होणाऱ्या ब्रिटिश मालाला हा दर सोयीचा होता. हिंदी गिरणीमालकांनी ४ पेन्सांचा आग्रह धरला. तो फेटाळला गेला. परंतु चढ्या दराची झळ मालकांनी स्वतः सोसली नाही. त्यांनी मजुरीवर आणि कामगारसंख्येवर कुऱ्हाड चालविली. मुंबईच्या गिरणी कामगारांना १९२८ साली सहा महिने संप लढवावा लागला, आणि त्याच लढ्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन जन्मास आली.

मग उतरता दर कामगारांच्या हिताचा काय? याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात दिले होते. चलन घसरले की निर्यातदाराला नफा होतो. पण तो नफा परदेशातून येत नाही. किमती वाढतात, मजुरी मागे राहते, आणि मजुराचे नुकसान हाच निर्यातदाराचा लाभ ठरतो.

स्वातंत्र्यानंतर राजवट बदलली, तरी दडपण संपले नाही. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेण्यात आला, तो जागतिक बँक आणि अमेरिका यांच्या आग्रहाखाली. आश्वासन दिलेली मदत पुढे पुरती आलीच नाही. १९७१ साली अमेरिकेने स्वतःच डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. १९७५ साली आपण पौंडाशी बांधलेला रुपया सोडवून काही प्रमुख चलनांच्या संचाशी जोडला. १९९१ च्या जुलैमध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोनदा अवमूल्यन झाले, रिझर्व्ह बँकेचे सोने परदेशी गहाण पडले, आणि १९९३ पासून रुपयाचा दर बाजारावर सोपविण्यात आला.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. स्थिर दर, भांडवलाची मुक्त ये-जा आणि स्वतःचे व्याजधोरण, या तिन्ही गोष्टी कोणत्याही देशाला एकाच वेळी साधत नाहीत. थायलंडने भांडवलाला दारे उघडली आणि दरही धरून ठेवला. २ जुलै १९९७ रोजी तो सोडून द्यावा लागला आणि आशियाभर लक्षावधी कामगार रस्त्यावर आले. अर्जेंटिनाने १९९१ साली पेसो डॉलरला बांधला आणि २००२ साली, देश बेकारीत बुडाल्यावर, ती गाठ सोडली. आपल्याकडे तारापोर समितीने १९९७ सालीच भांडवली व्यवहारासाठी रुपया तीन वर्षांत परिवर्तनीय करण्याची शिफारस केली होती. ती तेव्हा अमलात आली नाही, म्हणूनच त्या वादळातून आपण बचावलो.

या घाटापासून दूर नसलेल्या आलईपुऱ्यात आणि मदनपुऱ्यात जाऊन पाहा. विणकराच्या मागावर चिनी रेशीम असते. रुपया घसरला की सूत महागते. परदेशी साडी विकणाऱ्या गद्दीवाल्याला डॉलरमागे जास्त रुपये मिळतात. विणकराची साडीमागची मजुरी मात्र जिथल्या तिथे. शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी मांडलेले गणित आजही तेच उत्तर देते.

म्हणून ‘मजबूत रुपया’ ही राष्ट्राभिमानाची घोषणा आपली नव्हे आणि ‘निर्यातीसाठी स्वस्त रुपया’ ही मालकांची घोषणाही आपली नव्हे. दर चढला तर मजुरी कापायची आणि उतरला तर मजुरी मागे ठेवायची, हे मोडणे हे आपले काम आहे. सट्टेबाज भांडवलावर नियंत्रण, महागाईशी जोडलेली मजुरी, रेशनवर धान्य आणि विणकराला वाजवी दरात सूत, या मागण्यांवर गिरणगावचा कामगार आणि काशीचा विणकर एकत्र आले पाहिजेत. दर कोण ठरवतो, हा प्रश्न अखेरीस सत्ता कोणाची, हाच प्रश्न आहे.