दोघांनी गोळा करावे, तिघांनी वाटावे

(नाशिक येथील आरोग्य विज्ञान शाखांच्या पदवीधरांसाठी दीक्षान्त भाषण)

ज्यू धर्मशास्त्रात दानाच्या पुण्याची चर्चा आहेच, पण दान वाटायचे कसे यावर जितका खल झाला आहे तितका अन्य परंपरांत क्वचितच आढळतो. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये आणि पुढे तालमूदमध्ये गावाच्या धर्मादाय निधीचे नेमके नियम आहेत. वर्गणी एकट्याने मागत फिरायचे नाही, दोघांनी मिळून गोळा करायची. वाटप मात्र तिघांनी करायचे. कोणाला किती द्यायचे हे ठरवणे म्हणजे निवाडा देणे, आणि निवाड्याला तीन माणसे लागतात. निधीही दोन प्रकारचा. पैशांची पेटी आठवड्यातून एकदा, शुक्रवारी उघडायची. ती गावातल्या गरिबांची. रोज जमणारे अन्न मात्र येईल त्या भुकेल्याचे, मग तो परगावचा वाटसरू का असेना. ज्याच्याकडे दोन वेळच्या जेवणाची सोय आहे त्याने या अन्नाला हात लावू नये आणि ज्याच्याकडे चौदा वेळची आहे त्याने पेटीतून काही घेऊ नये. शिष्यवृत्तीच्या अर्जावर आज जी उत्पन्नमर्यादा छापलेली असते, तीच इथे जेवणांत मोजलेली आहे. आणखी एक नियम आरोग्यसेवेत जाणाऱ्यांच्या विशेष कामाचा: कपडा मागणाऱ्याची चौकशी करावी, अन्न मागणाऱ्याची करू नये. भूक चौकशीपुरती थांबत नाही.

बाराव्या शतकातील मायमोनिडीझ या पंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. तो स्वतः इजिप्तच्या दरबारी वैद्य होता. कुरकुरत दिलेले दान सर्वांत खालच्या पायरीवर. मधल्या पायऱ्यांवर देणाऱ्याला घेणारा कळावा की नाही, घेणाऱ्याला देणारा कळावा की नाही, याचा विचार आहे. सर्वांत वरच्या पायरीवर मात्र दान उरतच नाही. तिथे कर्ज आहे, भागीदारी आहे, किंवा काम मिळवून देणे आहे, जेणेकरून त्या माणसावर पुन्हा हात पसरण्याची वेळ येऊ नये.

महाराष्ट्रात हे नियम घेऊन जगलेला जुना समाज म्हणजे बेने इस्राएल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला पूर्वजांचे गलबत फुटले आणि वाचलेले तिथेच राहिले, अशी त्यांची परंपरागत समजूत. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमकर, दिवेकर, अष्टमकर, पेणकर ही आडनावे कोकणच्या गावांवरून आली आणि घरची भाषा मराठीच राहिली. मुंबईत आल्यावर यांतले बरेच जण पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत आणि रुग्णालयांत नोकरीला लागले. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सभास्थान बांधले. श्रीमंत घराणी मोजकीच असल्याने या समाजाचा निधी पगारदारांच्या छोट्या वर्गण्यांतून उभा राहिला.

त्या निधीतले सर्वांत महत्त्वाचे काम हाईम सॅम्युअल किहीमकर यांचे. त्यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा सुरू केली. पैसा अपुरा पडू लागला तेव्हा लंडन आणि पॅरिसच्या ज्यू संस्थांकडे अर्ज गेले, मदत आली आणि मदतीबरोबर अहवाल पाठवण्याची जबाबदारीही आली. कोकणातून आलेल्या मुलांना मुंबईतल्या पाठशाळेत टिकवून ठेवायचे आणि त्याचा हिशेब समुद्रापलीकडे कळवायचा, हे काम देणगी मिळवण्यापेक्षा चिवट आहे. पुढे सर एली कदुरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले आणि माझगावात ती त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. किहीमकरांनी समाजाचा इतिहासही लिहून ठेवला, पण तो छापला गेला १९३७ मध्ये, त्यांच्या पश्चात.

ससून घराण्याचे दान वेगळ्या मापाचे. डेव्हिड ससून (१७९२–१८६४) बगदादहून परागंदा होऊन १८३० च्या दशकात मुंबईला आले. त्यांच्या पेढीचे हिशेब हिब्रू लिपीतल्या अरबीत लिहिले जात आणि व्यवहारातला ठरावीक अंश धर्मादायासाठी वेगळा निघे. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सभास्थान, पुण्याचे लाल देऊळ हे सभास्थान, काळा घोड्याचे वाचनालय, मुलांच्या सुधारणेसाठीची औद्योगिक शाळा, पुण्याचे अनाथ पंगुगृह म्हणजे आजचे ‘निवारा’ ही सारी या एका नावाशी जोडलेली आहेत. मुलगा अल्बर्ट याने बांधलेली ससून गोदी १८७५ ची. तिला धर्मादाय म्हणता येणार नाही, तो उघड व्यापार होता. नातू जेकब ससून यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेसाठी मोठी देणगी दिली. भायखळ्याचा ‘सान्स सूसी’ हा ससूनांचा बंगला पुढे मसीना रुग्णालयाचे घर झाला.

या यादीपुढे दोन गोष्टी ठेवाव्याच लागतात. या पेढीच्या नफ्यात कापसाबरोबर चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता. ज्या पैशातून पुण्यात रुग्ण बरे झाले, त्याच पैशाच्या मुळाशी कँटन-शांघायची व्यसनग्रस्त घरे होती. त्या काळी हा व्यापार कायदेशीर होता, पण त्यामुळे हिशेब मिटत नाही. दुसरी गोष्ट घरातली. बगदादी ज्यू बेने इस्राएलांना बरोबरीचे मानत नव्हते. दफनभूमीतही वेगळी जागा हवी असा आग्रह त्यांच्यातल्या काहींनी धरला. धर्म एक, पण पेट्या वेगळ्या. स्थानिक समाजाच्या दानसंस्थांचा इतिहास गोडगोड लिहिण्याची सवय आहे. तिला या दोन गोष्टी परवडत नाहीत.

तरीही १८६७ मध्ये उभे राहिलेले पुण्याचे ससून रुग्णालय या सर्व देणग्यांत सरस ठरते. सुरुवातीला १४४ रुग्णांची सोय होती. वास्तूचा आराखडा कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा, आणि लाल देवळाचाही त्यांचाच. रुग्णालय पाहायला डेव्हिड ससून राहिले नाहीत. १८६४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले आणि लाल देवळाच्या आवारात त्यांची समाधी झाली. रुग्णालय सरकारी राहिले, त्याचे दार कोणत्याही एका समाजासाठी राखलेले नव्हते, आणि देणाऱ्याच्या वारसांना त्याच्या कारभारात ढवळाढवळ करायला वाव नव्हता. म्हणूनच घराणे इंग्लंडला गेल्यावरही ते चालत राहिले. १९४६ मध्ये बैरामजी जीजीभॉय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले तेही याच्याच आधाराने. एका ज्यू आणि एका पारशी दात्याची नावे तिथे शेजारी आली आहेत. हे महाविद्यालय १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असल्याने, दरवर्षी नाशिकची पदवी मिळवणाऱ्यांत ‘ससून’च्या वॉर्डांत रात्रपाळ्या केलेले डॉक्टर असतातच.

घेणाऱ्याच्या बाजूने हा इतिहास पाहायचा तर डॉ. जेरुशा झिराड यांच्याकडे वळावे लागते. शिमोग्यात जन्मलेली ही बेने इस्राएल मुलगी पुण्याच्या हुजूरपागेत शिकली आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. परदेशी शिक्षणाचा खर्च पेलण्याइतका निधी समाजाकडे नव्हता. टाटांच्या कर्जाऊ मदतीने ती लंडनला पोचली, पुढे भारत सरकारची शिष्यवृत्तीही मिळाली आणि १९१९ मध्ये स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रातली एम. डी. पदवी तिने घेतली. जमशेटजी टाटांचा हा निधी १८९२ चा. घेतलेले कर्ज फेडले की तोच पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती जातो. मायमोनिडीझची सर्वांत वरची पायरी ती हीच. परतल्यावर डॉ. झिराड १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख होत्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९१३ मध्ये सुरू झालेल्या बेने इस्राएल स्त्री मंडळाच्या कामातही त्या पुढे होत्या.

१९४८ नंतर बहुतांश बेने इस्राएल आणि बगदादी ज्यू इस्राएल, इंग्लंड आणि इतरत्र गेले. आज भारतात सगळे मिळून चार-पाच हजार ज्यू असावेत, त्यांतले बरेच मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. मागे राहिलेल्यांमध्ये वृद्ध अधिक, म्हणून मदतीचे स्वरूपही बदलले. १९६० च्या दशकापासून जॉइंट डिस्ट्रिब्यूशन कमिटी ही अमेरिकन ज्यू संस्था इथल्या गरजूंना मदत देते, तर ओ. आर. टी. ही १८८० मध्ये रशियात जन्मलेली संस्था मुंबईत व्यवसाय शिक्षण देऊ लागली. मासिक मदत, औषधपाणी, वृद्धांची देखभाल, सणासुदीचे सामान: आजचे वाटप असे घरगुती मापाचे आहे.

समाज आटला, पण मिळकती आटल्या नाहीत. माझगाव-भायखळ्याच्या ज्यू शाळांत आता ज्यू मुले जवळजवळ नाहीत. आसपासच्या वस्तीतली, त्यांत मोठ्या संख्येने मुस्लिम मुले शिकतात. काळा घोड्याचे १८८४ चे केनेसेथ एलियाहू सभास्थान २०१९ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उघडले, त्यात एका हिंदू उद्योग घराण्याच्या प्रतिष्ठानाचा पैसा होता.

अशा वेळी विश्वस्तांनी काय करावे हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० सांगतो. धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विश्वस्तांना स्थावर मिळकत विकता येत नाही. दात्याने नेमून दिलेला हेतू पार पाडणे अशक्य झाले तर विश्वस्त मनाला येईल तसा निधी वळवू शकत नाहीत. प्रकरण न्यायालयात जाते आणि मूळ हेतूच्या जवळात जवळचा हेतू ठरवला जातो. प्राप्तिकराचा कायदाही दिशा देतो. १९६१ च्या अधिनियमाने, तो लागू झाल्यानंतर केवळ एका धर्मसमाजासाठी काढलेल्या धर्मादाय विश्वस्त संस्थेला करमाफी नाकारली.

विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचेच कलम ४१अअ नव्या डॉक्टरांना कामाच्या पहिल्या आठवड्यातच भेटते. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये जी योजना मंजूर केली, तिच्यानुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. शिवाय एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या स्वतंत्र खात्यात जमा करायची असते. शिधापत्रिका किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला वैद्यकीय समाजसेवक तपासतात. तातडीच्या रुग्णाला मात्र कागद नंतर. अशा रुग्णाला अनामत न मागता लगेच दाखल करून घ्यायचे, जीव वाचवणारे उपचार करून त्याची प्रकृती स्थिर करायची आणि गरज असेल तर मगच सरकारी रुग्णालयात हलवायचे, अशी तरतूद आहे. रुग्णालय ती पाळत नसेल तर तक्रार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करता येते. नाशिकमध्येही त्यांचे विभागीय कार्यालय आहे.