पळसगावचा यशवंत
(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोरेगावच्या स्तंभावरील नावे वाचत आपण मोठे झालो. दगडावर नाव कोरले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला निराळे सांगायला नको. म्हणूनच आज आम्ही एका कोवळ्या वयाच्या सैनिकाविषयी बोलणार आहोत. त्याचे नाव नाईक यशवंत घाडगे. रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले पळसगाव हे त्याचे गाव. जन्म 16 नोव्हेंबर 1921 चा, मृत्यू 10 जुलै 1944 चा. वय मोजून पाहा, तेवीसही पूर्ण नाही.

तो पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होता. दुसरे महायुद्ध चालू होते. इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याची तुकडी पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तुकडीतले सगळे एकतर मेले किंवा जखमी होऊन पडले. उभा राहिला तो एकटा यशवंत, तुकडीचा नायक. तो सरळ मशीनगनवर धावून गेला. हातबॉम्ब टाकून त्याने ती गन आणि ती चालवणारा दोघांनाही गारद केले. आणखी एकाला टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपून ठार केले. इतक्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला लागल्या आणि एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्याने प्राण सोडला.

त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. व्हाइसरॉयच्या हातून तो घ्यायला त्याची पत्नी उभी राहिली. नवरा कोणासाठी लढला, हा प्रश्न त्या माउलीला कोणी विचारला असेल का? देश गुलाम, राजा परका, लढाई सातासमुद्रापलीकडची. आम्ही बँकेत नोकरी करतो. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला सैनिकांच्या विधवा येतात. फॉर्मवर नवऱ्याच्या नावासाठी एक रकाना असतो. तो भरताना त्यांचा आवाज हळू होतो, एवढेच आम्ही पाहिले आहे.

यशवंताला थडगे नाही. ज्यांच्या कबरींचा ठाव लागला नाही अशांची नावे इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर आहेत, त्यांत त्याचे आहे. माणगावला त्याचा पुतळा आहे. 2023 साली इटलीतल्या मोन्तोने गावी त्याच्या नावाचे एक सूर्यघड्याळही उभे राहिले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वचन त्यावर आहे. त्या मुलखात जर्मन पोरेही मेली आणि आपलीही, म्हणून तलवार किंवा तोफ न ठेवता घड्याळ ठेवले हे आम्हांला फार आवडले.

पण आमच्या मनात घोळतात ते त्याच्या तुकडीतले बाकीचे. पदकाच्या हकिगतीत त्यांच्यासाठी अर्धे वाक्य आहे. ते कोणत्या गावचे, घरी कोण वाट पाहत होते, हे त्या हकिगतीवरून कळत नाही. इटलीच्या त्या मोहिमेत 5782 भारतीय सैनिक पडले. पदक किती जणांना मिळणार!

त्याच युद्धात 1941 साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि आपल्याही घरांतली माणसे भरती झाली. पत्र्याच्या पेटीत एखादे बिल्ल्याचे पदक, एखादे पिवळे पडलेले डिस्चार्ज बुक अजून कोणाकडे असेल. ते रद्दीत घालू नका. नाव, गाव, पलटण आणि सैनिक क्रमांक एवढे एका कागदावर उतरवा आणि संस्थेच्या कार्यालयात आणून द्या. वहीत नोंद करण्याचे काम आम्ही रविवारी बसून करू, कारकुनाला तेवढे जमते.