राजाच्या नावाचे संग्रहालय



पुण्याच्या शुक्रवार पेठेतील ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ हे नाव ऐकून अनेकांचा समज होतो, की हे कोणा संस्थानिकाचे वैभव असावे. वस्तुतः ‘राजा’ हे बिरुद नव्हे. काळाने अकाली हिरावून नेलेल्या पुत्राचे ते नाव आहे. पित्याने आपल्या शोकाला दिलेले हे चिरंतन रूप!

डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने काव्यलेखन करीत. पाठीशी राजघराण्याची तिजोरी नव्हती. तरी १९२०च्या सुमारास आरंभलेला संग्रह त्यांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने अनेक दशके वाढविला. त्यांनी वेचले ते सामान्यांचे जीवन : दिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, वाद्ये, कोरीव दरवाजे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तो त्यांनी येथे पुन्हा उभा केला. आणि पुढे हे सारे धन त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या, म्हणजेच समाजाच्या, स्वाधीन केले.

आज येथे २०,०००हून अधिक वस्तू आहेत. जागेअभावी त्यांतील थोड्याच मांडता येतात. ही खंत खरी. परंतु आपल्या घरांचे काय? माळ्यावरची समई आपण वजनावर मोडीत घालतो. वस्तू जाते, मागोमाग तिचा शब्दही जातो. म्हणून एवढेच करा : मोडीत घालण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना त्या वस्तूचे नाव आणि उपयोग विचारा, लिहून ठेवा. कदाचित ती वस्तू मग मोडीत जाणारच नाही.